कूलरवरच्या छत्र्या

जुलै संपत आला तरी आमचा कूलर त्या वर्षी खिडकीतच होता. नागपुरात कूलर उतरवायला मुहूर्त लागत नाही. हवा दमट झाली, कूलरसमोर बसूनही अंग चिकचिकायला लागलं, की एखाद्या रविवारी तो उतरवतात, जाळीतलं गवत काढून फेकतात, टाकी पुसून कोरडी करतात आणि पत्र्याला जुनी चादर गुंडाळून जिन्याखाली ढकलतात. आमच्या गल्लीतले सगळे कूलर जिन्याखाली गेले होते. आमचा एकटा बाल्कनीतल्या लोखंडी स्टँडवर उभा होता आणि त्याचा पंप चालू होता.

"लोक विचारून राहिले," नवरा म्हणाला. "म्हणतात, तुमच्याकडे अजून उन्हाळाच आहे का?"

"सांगा, आहे म्हणून."

कारण एवढंच, की कूलरच्या मागच्या बाजूला, ओल्या गवतावर, छत्र्या उगवत होत्या. रोज नाही, मनात येईल तेव्हा. पहाटे जाळीच्या चौकोनातून मोहरीएवढा पांढरा ठिपका बाहेर यायचा. उजाडेपर्यंत त्याला केसासारखा दांडा फुटायचा आणि मी चहा टाकेपर्यंत वर करंगळीच्या नखाएवढी छत्री उघडलेली असायची. राखाडी, आणि इतकी पातळ की तिच्यातून पलीकडचं गवत दिसायचं. वरपासून कडेपर्यंत चुण्या, सगळ्या सारख्या अंतरावर. मी मुलींच्या प्रशिक्षण संस्थेत कटिंग-टेलरिंग शिकवते. इतक्या सारख्या चुण्या माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलीने घातलेल्या नाहीत, मीही नाही. ऊन बाल्कनीत आलं की छत्रीची कड वर वळायची, काळी पडायची, आणि मी कामाला निघेपर्यंत तिथे शाईचा थेंब सुकल्यासारखा डाग उरायचा. बस्स. एवढंच तिचं आयुष्य.

आमच्याकडे राहणारी माझी आई त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणायची. "खाता येत नाही, डोक्यावर धरता येत नाही. अन् त्याच्यासाठी लाइटचं बिल भरते."

फोटोचा नाद मला उशिरा लागला. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा कॅमेरा कपाटात पडून राहिला. वस्तू नुसती पडून असली की मला चैन पडत नाही. आधी दुधावरच्या सायीचे फोटो काढले, सुरकुतते तेव्हाचे. मग संस्थेच्या सायकल-शेडमध्ये धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून तळाशी दबा धरून बसणारे किडे, ट्यूबलाइटखाली सकाळी सापडणारे वाळवीचे पंख, उकळत्या वरणावरचे बुडबुडे. पुढे जवळून फोटो काढायची वेगळी लेन्स घेतली. डोंगर, सूर्यास्त, मुलांचे हसरे चेहरे यांत मला रस नव्हता. ते उद्याही असतात.

इतक्या जवळून फोटो काढायचा तर सगळा खेळ हाताचा असतो. छत्रीची कड आणि दांडा यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. हात तेवढा सरकला की कड पुसट होते आणि दांडा स्पष्ट येतो, आणि दांड्याचा फोटो कोणाला हवा असतो? म्हणून मी मांजरपाटाची एक पिशवी शिवली, तिच्यात गहू भरले, आणि कोपराखाली घ्यायला लागले. पुढे गव्हाला सोंडे लागले आणि पिशवीच्या शिवणीतून बाहेर यायला लागले. त्यांचेही फोटो काढले, मग गहू बदलले. पिशवीवर कोपर, अर्धा श्वास सोडून बाकीचा आत धरायचा, आणि बोट दाबायचं. सुई ओवताना आम्ही तेच करतो. म्हणून मला ते पहिल्यापासून जमलं.

महिन्यातून एकदा धरमपेठेत एका हॉलमध्ये फोटो काढणारे आम्ही काही लोक जमतो. बहुतेक पुरुष, बहुतेकांकडे वाघ. उमरेडच्या जंगलातला वाघ, पाण्यातला वाघ, रस्ता ओलांडणारा वाघ. माझी पाळी आली की कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडमचा वाघ पाहू द्या." मी सायीचा नाहीतर सोंड्याचा फोटो पडद्यावर लावते. हसतात, पण मग गप्प होऊन पाहतात. मला तेवढं पुरतं.

त्या महिन्यात मी छत्र्या नेल्या होत्या. पडद्यावर पहिली आली, दुसरी आली. तिसरीला मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हात हलला."

"वारा होता," मी म्हटलं.

"वाऱ्याने छत्री हलते. इथे तर सगळंच हललंय. जाळीसुद्धा." त्यांनी ते वाईट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. वाघवाल्यांत हे नेहमीच चालतं, हात हलला, शटर कमी पडलं. मी मान डोलावली आणि पुढचा फोटो लावला. तोही हललेला होता. घरी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे मला दिसलं नव्हतं, किंवा मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मागच्या वर्षीचे फोटो शोधून काढले आणि यंदाच्यांशेजारी लावून पाहिले. मागच्या वर्षीच्या वाळवीच्या पंखातल्या शिरा मोजता येत होत्या. यंदाचे बहुतेक फोटो असे, जणू कोणी ओल्या बोटाने पुसले आहेत. छत्र्यांचेच नाही, सायकल-शेडमधलेही.

मी पहिला दोष लेन्सला दिला. शिलाईत टाका चुकायला लागला की आधी सुई बदलून पाहतात, मग दोरा, मग मशीनचा पट्टा. शिवणाऱ्या बाईला सगळ्यात शेवटी पाहतात. मी सीताबर्डीला जाऊन लेन्स दुरुस्तीला दिली. ती तशीच परत आली. "एकदम ओके आहे मॅडम. आत धूळ पण नाही."

धूळ असती तर बरं झालं असतं.

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. किराणा, सलून, दवाखाने, आणि दरवर्षी दसऱ्याच्या आधी निळ्या कापडावरची मोठाली पांढरी अक्षरं. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. शेवटच्या वर्षांत त्याच माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. हात, मग मान, मग ओठसुद्धा थरथरायचे. चेहरा मात्र हलेनासा झाला होता. हसले का रागावले कळायचं नाही. मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे चंद्रपूरला होते. सुट्टीत यायची तेव्हा आई त्यांना भरवताना दिसायची. एका हाताने त्यांची हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातात चमचा. ते गेल्यावर आम्ही नागपूरला बदली मागून आलो आणि आईला घरी आणलं. तिने त्यानंतर कधी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या कोणी घेतलं तर उठून जायची.

आता ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मी तिची एकुलती एक. नवरा रोज उमरेडच्या बसने खाणीच्या ऑफिसात जातो आणि रात्रीच्या जेवणालाच परततो. माझा हात गेला तर घरात चमचा कोण धरणार, याचा हिशोब मी दुपारच्या तासाला, मुली कापड कापत असताना, मनातल्या मनात करत होते. उत्तर एकच येत होतं. पुन्हा आईच.

मी माझ्या परीक्षा सुरू केल्या. कप काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत न्यायचा. सांडला नाही. कापडावर खडूने रेघ ओढायची. सरळ आली, पण टेबलावर हात टेकलेला असतो, म्हणून ती परीक्षा धरली नाही. मग दोन्ही हात समोर ताठ करून बोटांवर वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवला. डावीकडचा कागद शांत होता. उजवीकडच्याची कड फडफडत होती, पंखा बंद असताना. मी पंख्याकडे दोनदा पाहिलं.

त्यानंतर मी आईसमोर हातच काढेनासे केले. चहा ट्रेमध्ये आणायला लागले. भाजी चिरायला ती समोर बसली की मी कणीक मळायला घ्यायची. मळताना हात हलतोच. रविवारी ती विहारात जायच्या आधी घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचं काम माझं. काडी वातीपर्यंत न्यायला लागते, आणि पेटलेल्या काडीचं टोक काहीच लपवत नाही. मी म्हटलं, "आई, तू लाव, माझे हात ओले आहेत." पुढच्या रविवारीही ओले होते.

डॉक्टरकडे जायचं सोडून मी हे सगळं का करत होते? डॉक्टरने नाव घेतलं की ते घरात येणार होतं. तोवर ते माझ्यापुरतं होतं.

एक गोष्ट मला नक्की ठाऊक होती. तो आजार हात रिकामा असताना दिसतो, असं मी संस्थेच्या ऑफिसात फोनवर वाचलं होतं. आणि स्वतःचा रिकामा हात स्वतःला पाहता येत नाही. पाहायला लागलं की तो रिकामा राहत नाही, मन त्यात जातं. मग मी मला जे येतं ते केलं. कॅमेरा हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागे, गव्हाच्या पिशवीवर ठेवला. शटर जास्त वेळ उघडं राहील असं लावलं, म्हणजे त्या वेळात हात जराही हलला तर पुसट येईल. आणि ठरावीक वेळाने आपोआप फोटो निघत राहील अशी सोय केली. आवाज बंद. समोर खुर्ची, खुर्चीच्या हातावर माझा हात. आई दिवाणावर बसून तिची मालिका पाहत होती आणि मालिकेतल्या सासूला शिव्या देत होती. मीही पडद्याकडे पाहत राहिले. कधी फोटो निघतो आहे ते मला कळणार नव्हतं. साय, सोंडे, छत्र्या, आणि आता हा कंप. माझ्या फोटोंतला सगळ्यात लहान विषय.

सकाळी सगळे उठायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन मी ते फोटो पाहिले. हात पुसट होता. एकात नाही, सगळ्यात. नखांच्या जागी गुलाबी डाग, बोटांच्या कडा दुहेरी. मी कॅमेरा टॉवेलात गुंडाळला आणि बादलीत नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही. मग बंद केला, आंघोळ केली, डबे भरले.

पुढच्या संध्याकाळी पुन्हा लावला. त्याच्या पुढच्याही. मला वाटत होतं, एखादा तरी स्पष्ट निघेल. एकही निघाला नाही. त्या दिवसांत बाल्कनीत सकाळी छत्र्या आल्या होत्या, एकीला एक खेटून, आणि मी त्यांच्याकडे पाहून आत आले. कॅमेरा उचलला नाही.

रविवारी सकाळी नवरा बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होता आणि मी लसूण सोलत बसले होते. आई विहारातून आली, पांढरं पातळ बदललं नाही, तशीच समोर येऊन बसली.

"कॅमेरा बरणीच्या मागे काहून ठेवून राहिली वं?"

"असाच."

"असाच नाही. टीव्ही लागला का तू त्या खुर्चीत जाऊन बसते. त्या खुर्चीतून तं टीव्ही अर्धाच दिसते." ती लसणाकडे पाहत होती. "चहा ट्रेमध्ये आणते, पाहुण्यावानी. मेणबत्ती मले लावाले सांगते. डोळ्याचं आपरेशन झालं माह्या, डोळे काढून नाही घेतले कोणी."

मी लसणाची सालं एका बाजूला लोटली.

"हाताचं आहे ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिने एक पाकळी उचलली आणि सोलायला घेतली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

"किती दिवसापासून?"

"कळलं या महिन्यात. फोटोत दिसलं."

"कोठी दिसलं? दाखव मले."

मी कॅमेरा आणला. पडदा छोटा, तिला काही दिसेना. मी फोटो मोठा केला. हात पडद्याच्या बाहेर गेला म्हणून सरकवायला गेले आणि पडद्यावर खुर्चीच्या हातावरचं कव्हर आलं. ते कव्हर मी शिवलेलं आहे. कडेला हाताने घातलेली तुरपाई आहे, बारीक, एकेक टाका वेगळा. फोटोत प्रत्येक टाक्याचे दोन टाके झाले होते.

मी आणखी सरकवलं. खुर्चीचं लाकूड दुहेरी. लाकडातला खिळा दुहेरी. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचता येत नव्हते. इतक्या संध्याकाळी मी फोटोत हात सोडून दुसरं काहीच पाहिलं नव्हतं.

"काय झालं वं?" आई म्हणाली. "बोल ना."

मी उठून खिडकीच्या कट्ट्यावर तळहात ठेवला. कूलरचं तोंड त्याच कट्ट्यावर टेकलेलं आहे. छत्र्यांसाठी पंप चालू असायचाच, आणि संध्याकाळी उमस होते म्हणून आई वर पंखाही लावायची. आताही तो चालू होता. कट्टा माझ्या तळहाताखाली बारीक गुरगुरत होता.

"अहो," मी बाल्कनीत ओरडले, "कूलर बंद करा."

"पंखा का पंप?"

"दोन्ही."

"आता उन्हाळा संपला का?" तो म्हणाला, पण त्याने बंद केला. घर एकदम शांत झालं. इतके दिवस किती आवाज होता ते तेव्हा कळलं.

मला हसू आलं नाही. कट्टा हलत होता याचा अर्थ हात हलत नव्हता असा होत नाही. फक्त मला अजून काहीच माहीत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मी कॅमेरा पुन्हा पिशवीवर ठेवला, हॉलचा पडदा ओढून उजेड कमी केला आणि खुर्चीत बसले.

"माह्या बी काढ," आई म्हणाली. तिने वेताचा मोडा ओढला, माझ्याशेजारी बसली आणि आपला हात माझ्या हाताजवळ ठेवला. मी आपोआप फोटो निघायची सोय चालू केली.

"आता हाताकडे पाहू नको. माह्याशी बोल."

"काय बोलू?"

"काही बी. जावयाची चुगली कर."

"मी ऐकून राहिलो," बाल्कनीतून आवाज आला.

"तुमच्यासाठीच आहे जावईबापू, ऐका आरामात." मग माझ्याकडे वळून, "सांग. काल बसमधून उतरून घरी याले एवढा उशीर काहून झाला?"

"समोसे खात होते चौकात."

"डॉक्टरने नाही सांगतलं ना तेलाचं?"

"सांगितलंय."

"एकच होता," बाल्कनीतून आलं.

"शर्टावर दोनचे डाग होते," मी म्हटलं. आई हसली आणि तिचं पाहून मीही. तेवढ्यात किती फोटो निघाले मला माहीत नाही. मी उठले आणि कॅमेरा तिच्या मांडीवर आणून ठेवला. या वेळी आधी कव्हर पाहिलं. टाका एकेरी होता. मग आईचा हात पाहिला. हिरव्या शिरा, अंगठ्याजवळचा भाजल्याचा जुना व्रण, सगळं स्वच्छ. मग माझा. नखाखाली अडकलेलं लसणाचं साल दिसत होतं. त्याच्या कडासुद्धा.

मी सगळे फोटो पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून.

"तुह्या बाबाचा हात," आई म्हणाली, आणि थांबली. ती त्या विषयावर स्वतःहून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "सुरुवातीले तू नव्हती इथं. जेवण झालं का भिंतीले टेकून बसे, अन् मांडीवरचा हात आपला आपला चाले. बिडी वळते ना बाई, तसा अंगठा फिरे. मी म्हणो, काय मोजून राहिले जी? त्याले पत्ताच नाही. अन् ब्रश घेतला का बंद. लोक म्हणे, पेंटरचा हात पाहा, दगडावानी. म्हणून कोणाले कळलंच नाही लवकर."

"माझा उलटा आहे," मी म्हटलं. "कॅमेरा धरला की हलतो."

"मंग ते वेगळं असन."

"असेल का?"

"मी डॉक्टर आहे का? चाल, उद्या दाखवू." ती उठली. "मी बी येते. तू अर्धंच सांगशीन."

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे दोन दिवसांनी नंबर लागला. बाहेर बाकावर आमच्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांचा अंगठा मांडीवर फिरत होता. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करून दुसरीकडे पाहायला लागली. मीही पाहिलं नाही. माझ्या दोन्ही हातांची बोटं पर्सच्या पट्ट्यात घट्ट अडकवलेली होती.

आत डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट धरून हात फिरवून पाहिला. कोऱ्या कागदावर, हात न टेकवता, गोगलगाईच्या शंखासारखं आतून बाहेर गोल गोल चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. रेघ शिवणयंत्राच्या झिगझॅग टाक्यासारखी आली, आणि मी ती तशी येताना पाहत होते. मग ते म्हणाले, हात मांडीवर ठेवा आणि शंभरपासून सात सात कमी करत उलटे मोजा. मी मोजायला लागले. आई माझ्या हाताकडे पाहत होती. डॉक्टरही. मी छताकडे.

"आजच्या तपासणीत वडिलांसारखं काही दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "हा कंप काम करताना येतो. हा वेगळा प्रकार आहे. थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, चहा कमी करा. कदाचित वाढेल, सावकाश. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

"पण ते नाही ना?" आईने विचारलं.

"आत्ता तरी नाही, आजी."

रिक्षात आई म्हणाली, "नाही म्हणे." मी म्हटलं, "आत्ता तरी नाही म्हणाले." ती म्हणाली, "आत्ताच तं आहो आपण." मला ते पटलं नाही. मी अजूनही त्या दोन शब्दांपाशी अडते. सहा महिने म्हणजे पुढच्या कूलरच्या आधी, एवढं मी मनात धरून ठेवलं.

कूलर रविवारी उतरवायचा ठरला. शनिवारी मी पंप तेवढा चालू ठेवला, शेवटचा. रविवारी पहाटे तो बंद करून बाल्कनीत गेले तर जाळीच्या खालच्या कोपऱ्यात छत्र्या होत्या. एक मोठी, पूर्ण उघडलेली, आणि तिच्या आडोशाला दोन अजून मिटलेल्या. कोपरा अंधारा, कठडा जवळ. तिथे तिपाई बसत नाही. मी पिशवी कठड्याच्या गजांवर चढवली, तिच्यात कॅमेरा दाबून बसवला आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावलं, म्हणजे त्या वेळी माझा हात कॅमेऱ्यावर नसेल. अर्धा श्वास धरायची गरज उरली नव्हती. सवयीने धरला.

उजेड कमी पडत होता. मोबाइलचा टॉर्च एका हाताने लावून पाहिला. छत्रीची सावली गवतावर नाचायला लागली.

"आण इकडे," आई मागे उभी होती. केस मोकळे, खांद्यावर टॉवेल. तिने मोबाइल घेतला, वाकली आणि मी दाखवलं तिथे धरला. सावली गवतावर चिकटल्यासारखी थांबली. छत्रीतून उजेड आरपार आला आणि तिच्या सगळ्या चुण्या एकदम दिसल्या.

"किती वेळ धरू?"

"मी सांगेपर्यंत."

"मान दुखते माही."

"हलू नको."

"मी कोठी हलून राहिली," आई म्हणाली. आणि ती हलत नव्हती.

फोटो निघाला. मी जागेवरच मोठा करून पाहिला. आधी जाळी, मग कड, मग दांडा. मग अजून काढले, ऊन येईपर्यंत. दोन मिटलेल्यांतली एकच उघडली. दुसरी तशीच काळी पडली. नाश्ता झाल्यावर नवऱ्याने शेजाऱ्याला बोलावून कूलर उतरवला. गवत पोत्यात भरलं, टाकीतलं पाणी कुंड्यांना घातलं. खिडकीत चौकोनी भोक राहिलं, तिथे मी पडदा शिवून लावला.

त्या संध्याकाळी मी माझ्या नेहमीच्या जागी, दिवाणाच्या टोकाला बसले. कट्ट्यावर फक्त बरण्या होत्या. मालिका सुरू झाली. माझा उजवा हात मांडीवर होता, आणि मी पुन्हा त्याच्याकडे पाहायला लागले होते. अंगठा, अंगठ्याशेजारचं बोट, पुन्हा अंगठा.

आईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू टीव्ही पाह्य वं," ती म्हणाली. "हात मी पाह्यते."